बार्शी लाईटच्या पाट्यांसाठी मुलीची ठेव मोडावी का?

प्रश्न : वय ५१, पिंपरीत खासगी नोकरी. मूळ गाव कुर्डुवाडी, आजोबा बार्शी लाईट रेल्वेत फिटर होते. पुण्यातल्या एका दिवंगत संग्राहकाचा मुलगा वडिलांचा रेल्वेसंग्रह एकगठ्ठा विकतो आहे. स्थानकांच्या एनॅमलच्या १४ पाट्या (३ लाख २० हजार), ९ जुनी पोस्टर्स (२ लाख १० हजार), दोनेकशे पुस्तकं आणि वेळापत्रकं (१ लाख २० हजार), असे एकूण साडेसहा लाख मागतो आहे. महिन्याभरात निर्णय हवा म्हणतो. माझी ११ लाखांची मुदतठेव आहे, ती दोन वर्षांनी मुलीच्या पदव्युत्तर शिक्षणाला लागेल. गृहकर्ज चार लाख बाकी. ब्रिटनमध्ये अशा पाट्यांना मोठे भाव मिळतात, म्हणून दहा वर्षांत निवृत्तीपर्यंत ही रक्कम तिप्पट होईल असं वाटतं. ठेव मोडून संग्रह घेऊ का?

उत्तर : ठेव मोडू नका. पण संग्रहाकडे पाठही फिरवू नका. तुम्ही पाठवलेली यादी मी दोनदा वाचली. तिच्यात तुमच्यासाठी खरोखर मोलाचं काही आहे, फक्त ते सर्वांत महाग रकान्यात नाही.

आधी हिशेब. साडेसहा लाख सात टक्क्यांच्या ठेवीत ठेवले आणि व्याजावर २० टक्के कर भरला, तरी दहा वर्षांत साधारण ११ लाख २० हजार होतात. संग्रहाने निदान एवढं तरी हातात द्यायला हवं. विकायला गेलात की व्यापारी किंवा लिलावगृह आपला वाटा घेणार. तो ३० टक्के धरला, तर गिऱ्हाइकाने १६ लाख मोजायला हवेत, तेव्हा कुठे तुम्ही ठेवीच्या बरोबरीला याल. वर कर आहेच. घरगुती वापराच्या वस्तूंना भांडवली नफ्याच्या करातून सूट असते, पण चित्रं आणि कलाकृती त्या सवलतीत बसत नाहीत. पोस्टर कलाकृतींत मोडलं, तर सध्याच्या नियमाने २४ महिन्यांनंतरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. आणि मुलीच्या प्रवेशाची फी भरायची तारीख आली की पाटी आठवड्यात विकली जात नाही. हे एकच कारण मला पुरेसं वाटतं.

आता ब्रिटनचा दाखला. तिथला बाजार कसा उभा राहिला ते पाहा. तोट्यातले मार्ग बंद करा म्हणणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर तिथे शेकडो स्थानकं आणि हजारो मैल मार्ग बंद झाले. निघालेल्या पाट्या, दिवे, इंजिनांच्या नावपट्ट्या ब्रिटिश रेल्वेने स्वतः विकल्या. लंडनच्या यूस्टन स्थानकाजवळ त्यासाठी तिचं दुकानच होतं. त्यामुळे वस्तू कायदेशीर मार्गाने लोकांकडे गेली, आणि आज फक्त रेल्वेच्या वस्तूंचे वेगळे लिलाव तिथे भरतात. विकणाराही भरपूर, घेणाराही भरपूर.

आपल्याकडे १९६६ चा रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा आहे. चोरीची असल्याचा वाजवी संशय असलेली रेल्वेची वस्तू तुमच्याकडे सापडली, तर ती रीतसर आली हे तुम्ही सिद्ध करायचं असतं. ते जमलं नाही तर पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. स्थानकाची पाटी रीतसर बाहेर पडते ती मुख्यतः भंगाराच्या लिलावातून, आणि लिलावाची पावती असते. नॅरोगेजचं, म्हणजे अरुंद रुळमार्गाचं, ब्रॉडगेज होताना किती पाट्या कशा उतरल्या आणि कुणाच्या गाडीत चढल्या, याचा कागद आज कोण दाखवणार? संग्राहक सज्जन असतील, त्यांनी दहाव्या हातून घेतलं असेल. तरी सव्वातीन लाखांच्या आसपासचा हा ऐवज कागदाविना तुमच्या भिंतीवर असावा असं मला वाटत नाही. पुढचा शहाणा गिऱ्हाईकही तुम्हाला हाच प्रश्न विचारेल.

परदेशी गिऱ्हाइकाची आशाही आवरा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षं पूर्ण झालेली पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. ऐतिहासिक मोलाच्या दस्तऐवजांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. म्हणजे वस्तू जितकी जुनी, तितका तिचा बाजार देशापुरता.

यादीतली सातवी पाटी पाहा. ‘ब्रिटिशकालीन’ असं लिहिलंय आणि फोटोत ‘मध्य रेल्वे’ स्पष्ट वाचता येतं. मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ ला स्थापन झाली. त्याआधी या भागातला मुख्य मार्ग जीआयपीचा, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा होता. विक्रेता फसवतोय असं मी म्हणत नाही, पण एका नोंदीत हे घडलं तर बाकीच्या तेराही तपासायला हव्यात. पोस्टर्सचंही तेच. तीसच्या दशकातली चांगली पोस्टर्स लिथोग्राफीने, म्हणजे हाताने रेखाटलेल्या चित्राच्या ठशावरून छापलेली असत. भिंगाखाली सगळीकडे सारख्या अंतरावरचे ठिपके दिसले, तर ती बहुधा नंतरची छपाई. दोन लाख देण्याआधी दहापटीचं भिंग घेऊन जा. आणि एखादं लॅमिनेट केलेलं असेल तर ते सोडूनच द्या.

आता पुस्तकं. यादीचा हा भाग वाचताना मला मनापासून आनंद झाला. १९५३ च्या शतकपूर्तीचा रेल्वे मंत्रालयाचा ग्रंथ आहे, ब्रॅडशॉची वेळापत्रकं आहेत, आणि बार्शी लाईटची म्हणून नोंदवलेली अकरा बाडं आहेत. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने अडीच फुटी गेजवर आखलेली ही लाईन. चाकांच्या प्रत्येक आसावर पाच टनांची मर्यादा ठेवून हलक्या रुळांवरून मोठा माल नेता येतो, हे तिने दाखवून दिलं. १८९७ ला बार्शी रोड, म्हणजे तुमचं कुर्डुवाडी, ते बार्शी टाऊन. पुढे पंढरपूर, लातूर, मिरज. लंडनच्या कंपनीची ही लाईन १९५४ मध्ये सरकारने घेतली. अशा खासगी लाईनचे कागद रद्दीत गेले की पुन्हा मिळत नाहीत, आणि ते नीट वाचणारं, जपणारं घर तुमच्याइतकं योग्य मला दुसरं सुचत नाही.

तेव्हा विक्रेत्याला असं सांगा : बार्शीची बाडं, ब्रॅडशॉ आणि निवडक पुस्तकं घेतो, त्यांचे ७० हजार. भिंगाच्या परीक्षेत टिकलेलं, तुम्हाला आवडलेलं एक पोस्टर, जास्तीत जास्त २५ हजार. पाटी फक्त लिलावाच्या पावतीसह. एकूण लाखाच्या वर जाऊ नका, आणि हे पैसे यंदाच्या बोनसमधून द्या, ठेवीतून किंवा नव्या कर्जातून नाही. हा खर्च ‘छंद’ म्हणून मांडा, निवृत्तीच्या तक्त्यात त्याची किंमत शून्य धरा. बोनसमधून उरेल ते गृहकर्जात भरा. पावसाळ्यात कागदाला कसर लागते, म्हणून आम्लरहित फोल्डर आणि सिलिका जेलसाठी तीनचार हजार वेगळे ठेवा. घरच्या विमा पॉलिसीत अशा वस्तू बहुधा वेगळ्या जाहीर केल्याशिवाय धरत नाहीत, तेही विचारून घ्या.

सुटं विकायला तो तयार नसेल तर थांबा. एकगठ्ठा साडेसहा लाख देणारा महिन्यात मिळाला नाही, तर तोच फोन करेल. मिळालाच, तर नव्या मालकाला गाठून बार्शीच्या बाडांच्या स्कॅन प्रती मागा. आणि विक्रेत्याला भेटाल तेव्हा त्याच्या वडिलांची खरेदीची वही आहे का ते आधी विचारा. कुठली वस्तू कधी, कुणाकडून, किती रुपयांना घेतली हे लिहून ठेवणारे संग्राहक असतात. ती वही मिळत असेल तर मी सुचवलेल्या रकमेवर आणखी दहा हजार द्यायला हरकत नाही. आणि पाट्यांबद्दलचं माझं मत बदलू शकेल असा कागद असलाच, तर तो त्या वहीतच चिकटवलेला असेल.