ए२०९१ विकून जीव्हीपी घ्यायच्या आधी मास्क बघा

अमिगा २००० हा जुना कॉम्प्युटर, त्यात ए२०९१ हे कमोडोरचं स्कझी हार्ड डिस्क कार्ड, वर ६८०३० या वेगवान प्रोसेसरचं अ‍ॅक्सिलरेटर बसवलं आणि तेव्हापासून मोठी फाइल कॉपी केली की खराब, मधूनच गुरू मेडिटेशन (मशीन कोसळल्याचा संदेश). म्हणून आता जीव्हीपी कंपनीचं एचसी+८ कार्ड घेऊ का, असं विचारताय. थांबा जरा. ही लक्षणं माझ्या चांगल्या ओळखीची आहेत.

दोन्ही कार्डं झोरो-२ ची (अमिगाच्या २४-बिट पत्त्यांच्या स्लॉटची), डीएमएवाली, म्हणजे प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत लिहिणारी. त्यांना १६ एमबीपलीकडचा पत्ताच कळत नाही, आणि अ‍ॅक्सिलरेटरची ३२-बिट मेमरी बहुधा तिथेच असते. पत्त्याचे वरचे आठ बिट गळतात आणि डेटा खालच्या १६ एमबीत भलतीकडे जाऊन पडतो. अ‍ॅक्सिलरेटर बंद करून ६८००० वर तीच फाइल कॉपी करा. नीट आली तर कार्ड निर्दोष. (कमोडोरचं ए२६३० अ‍ॅक्सिलरेटर असेल तर हे लागू नाही, त्याची स्वतःची मेमरी २४ बिटांच्या आतच असते.)

उपाय म्हणजे मास्क: कार्डाने थेट कुठल्या पत्त्यांपर्यंत लिहायचं, याची मर्यादा. हार्ड डिस्क मांडायचा अमिगाचा प्रोग्रॅम एचडीटूलबॉक्स उघडा, पार्टिशन ड्राइव्ह, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग चेंज फाइल सिस्टीम. तिथे मास्कमध्ये दोन शून्यं, पाच एफ आणि शेवटी ई. प्रत्येक पार्टिशनला वेगळं करावं लागतं; एक राहिलं की पुन्हा तेच रडगाणं. सेव्ह करून रीबूट. डेटा जायला नको, पण बॅकअप घ्याच, माझ्यावर ढकलू नका. शेजारच्या मॅक्सट्रान्सफरला (एका वेळी किती बाइट हलवायचे तो आकडा) हात लावायचं कारण नाही. तिथे एक, एफ, ई, शून्य, शून्य भरा म्हणतात तो आकडा ए६०० आणि ए१२०० या अमिगांच्या आयडीई डिस्कसाठी आहे (२५५ सेक्टर गुणिले ५१२ बाइट).

माझं कार्ड "टेस्टेड" म्हणून विकणाऱ्याने दोनदा बदलून दिलं, दोन्ही वेळा कुरियर माझ्या खिशातून. मास्क किती आहे हे त्याने एकदाही विचारलं नाही. मीही बघितला नाही, हा गाढवपणा माझा.

आता तुलना. ए२०९१ वर फक्त २ एमबी मेमरी, तीही २५६के × ४ च्या १६ सुट्या चिप लावून. एचसी+८ वर ३०-पिन सिम (मेमरीच्या पट्ट्या), ८ एमबीपर्यंत. रिकाम्या मशीनला मी डोळे झाकून जीव्हीपी सांगेन. तुमच्याकडे कार्ड आहेच, तर कार्डावरचा रॉम ६.६ पेक्षा जुना असल्यास ७.० ची जोडी घाला, दोन्ही चिप एकदम. टर्मिनेटर (सिग्नल परतू न देणारे रेझिस्टर) स्कझी केबलच्या दोन टोकांनाच. आतल्याबरोबर बाहेरही ड्राइव्ह जोडलात तर कार्डावरचे रेझिस्टर पॅक काढा. आणि जुन्या एफएफएस फाइल सिस्टीमवर ४ जीबीपलीकडे पार्टिशन नेऊ नका, कार्ड कुठलंही असो.

तरी जीव्हीपी घेतलंतच, तर मास्क तिथेही हाच ठेवा. आणि ब्रिजबोर्ड (अमिगात पीसी चालवणारं कार्ड) असेल तर ८ नव्हे, ६ एमबीच भरा, नाहीतर ब्रिजबोर्डला झोरोत जागाच उरत नाही.