शिकागोच्या विमानतळाचा संकेत ‘ओआरडी’ का आहे?

प्रश्न रास्त आहे, कारण ‘ओआरडी’ ही अक्षरे ‘शिकागो’त सलग सापडत नाहीत आणि ‘ओहेअर’ या विमानतळाच्या नावातही नाहीत. ती आली आहेत ‘ऑर्चर्ड’ या शब्दातून. आज जिथे धावपट्ट्या आहेत, तिथे पूर्वी ऑर्चर्ड प्लेस नावाची लहानशी शेतकरी वस्ती होती. दुसऱ्या महायुद्धात तिथे डग्लस कंपनीचा विमाननिर्मितीचा कारखाना उभा राहिला आणि युद्धानंतर त्या जागेला ऑर्चर्ड फील्ड म्हणू लागले. 1949 मध्ये, 1943 साली युद्धात मरण पावलेले नौदलाचे वैमानिक एडवर्ड ओहेअर यांचे नाव विमानतळाला देण्यात आले, संकेत मात्र जुनाच राहिला.

तिकिटे, सामानाच्या चिठ्ठ्या आणि आरक्षणप्रणाली याच तीन अक्षरांवर चालत असल्यामुळे संकेत सहसा बदलत नाहीत. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर, 1995 मध्ये बॉम्बेची अधिकृतपणे मुंबई झाली, तरी बॅगेच्या मुठीला चिकटवलेल्या पट्टीवर ठळक अक्षरांत आजही ‘बीओएम’च छापलेले असते.