वाचकांचे प्रश्न : एयनार काउरासोन आणि बराकींतले रेक्याविक

गेल्या अंकातील 'परदेशी पुस्तके' या पानावर आइसलँडचे कादंबरीकार एयनार काउरासोन यांच्या 'स्टॉर्म बर्ड्स' या छोट्या कादंबरीचा परिचय दिला होता. त्यावर सोलापूरच्या वाचकांनी इतक्या आस्थेने पत्रे पाठवली की, या वेळचे सदर त्या एकाच लेखकासाठी राखून ठेवणे उचित वाटले. पत्रे संक्षिप्त करून दिली आहेत.

प्रश्न : आइसलँड हा जगातील अत्यंत सुखवस्तू देशांपैकी एक. अशा देशातील लेखकाला आपण 'गरिबांच्या वस्तीचा वास्तववादी कादंबरीकार' म्हटले आहे. तिथे अशी वस्ती होती तरी कुठे?
— एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

आइसलँडची आजची सुबत्ता ही फार जुनी गोष्ट नाही. १९४० साली साऱ्या देशाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत होती आणि राजधानी रेक्याविकमध्ये सुमारे अडतीस हजार माणसे राहत होती. त्या वर्षी १० मे रोजी ब्रिटिश सैन्य तिथे उतरले आणि पुढच्या वर्षी त्याची जागा अमेरिकन सैन्याने घ्यायला सुरुवात केली. सैनिकांच्या निवाऱ्यासाठी शहरात आणि शहराभोवती जागोजागी नालीदार पत्र्याच्या अर्धगोल बराकी उभ्या राहिल्या. लांबून पाहिले तर जमिनीवर आडवी कापलेली पिंपे पालथी घातली आहेत, असे वाटावे. सैन्याच्या कामांमुळे हातात रोख मजुरी येऊ लागली, खेड्यांतून माणसे राजधानीकडे लोटली आणि १९५० पर्यंत शहराची वस्ती छप्पन्न हजारांच्या घरात गेली. घरे मात्र त्या वेगाने बांधली गेली नाहीत. युद्ध संपल्यावर रिकाम्या झालेल्या बराकींमध्ये मग बिऱ्हाडे शिरली, आणि पन्नासच्या दशकात त्यांत राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांहून अधिक होती. थंडीच्या दिवसांत आतून ओल धरणारे पत्रे, उंदीर, अपुऱ्या मोऱ्या आणि शौचालये, आणि या सगळ्याहून अधिक बोचणारी गोष्ट म्हणजे शाळेत मुलांना 'बराकीतला' म्हणून हिणवले जाणे, असे ते जीवन होते. शेवटच्या बराकी साठच्या दशकात हटवल्या गेल्या.

काउरासोन यांनी या वस्त्यांच्या आधारे 'थुले कॅम्प' ही कल्पित वस्ती उभी केली आणि तिच्यावर तीन कादंबऱ्या लिहिल्या. पहिली १९८३ साली आली. तिच्या मूळ नावाचा अर्थ 'सैतानाचे बेट जिथे उभे राहते' असा आहे. दुसरी, 'सोन्याचे बेट', १९८५ ची, आणि तिसरी, 'वचन दिलेली भूमी', १९८९ ची. बराकींच्या मधोमध एक जुने घर आहे. त्यात भविष्य सांगणारी, पत्ते पाहणारी, साऱ्या वस्तीवर हुकूम चालवणारी आजी लीना आणि तिचा दुकानदार नवरा तोम्मी राहतात. मुलगी गोगो अमेरिकन माणसाशी लग्न करून समुद्रापार निघून गेली आहे आणि नातवंडे आजीच्या पदराखाली वाढत आहेत. त्यांपैकी बाद्दी अमेरिकेला जाऊन येतो तो रॉक-अँड-रोल, तेल लावून उभे केलेले केस आणि मोटारीची ऐट घेऊनच. काम करणे त्याला कायमचे वर्ज्य होते. धाकटा दान्नी अबोल, कुणाच्या खिजगणतीत नसलेला. तो विमान चालवायला शिकतो. आजीचा सारा जीव मात्र बाद्दीवर. माझ्या मते या कादंबरीचे मर्म या विषम मायेत आहे. पत्र्याच्या घरातील दारिद्र्य लेखकाने दाखवले आहेच, पण एखाद्या कुटुंबात एका मुलाला सगळे माफ आणि दुसऱ्याकडे कुणाचे लक्ष नाही, हे त्याने ज्या बारकाईने दाखवले आहे, तसे मी फार थोड्या ठिकाणी वाचले आहे.

प्रश्न : आमचे आजोबा गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणात वाढले. आमच्याकडे अशा जगण्याची आत्मकथने ज्यांनी ते भोगले त्यांनी लिहिली. काउरासोन यांनी कादंबरी लिहिली, आणि तीही पुष्कळशी विनोदी असल्याचे आपण म्हणता. दुसऱ्याच्या दैन्याचा विनोद करण्याचा अधिकार लेखकाला असतो का?
— एक शिक्षिका, सोलापूर

आपला प्रश्न या सदरातील सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो सोलापूरमधून यावा, हे स्वाभाविकच आहे. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी कुंपणाच्या आत ज्यांचे बालपण गेले त्यांच्या नातवंडांनी असा हिशेब मागावा, यात गैर काही नाही. दोन्ही ठिकाणांत मोठा फरक आहे, हे आधी नोंदवले पाहिजे. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसांना जन्माने गुन्हेगार ठरवून कायद्याने डांबले होते. रेक्याविकच्या बराकींत माणसे घर मिळेना म्हणून राहिली. त्यांना बाहेर पडण्याची मुभा होती आणि त्यांच्यापैकी बहुतेक पुढे शहराच्या इतर भागांत मिसळून गेली. म्हणून एकाच्या साहित्याचा निकष दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येणार नाही.

तरीही आपल्या प्रश्नाचे उत्तर टाळता येत नाही. काउरासोन यांचा जन्म २४ नोव्हेंबर १९५५ चा. बाद्दीची पिढी तरुण होती तेव्हा ते पाळण्यात किंवा फार तर शाळेच्या पहिल्या इयत्तांत असणार. म्हणजे त्या काळातील थुले कॅम्प त्यांच्यापर्यंत आला तो लोकांच्या सांगण्यातून, आणि त्यांनी ते सांगणे लपवलेले नाही. कादंबरीची रचनाच मुळी गल्लीत फिरणाऱ्या हकिगतींची आहे. कोण कसा प्यायला, कुणी कुणाला कसे फसवले, कुणाच्या अंत्ययात्रेत काय घडले, हे वस्तीतील माणूस ज्या चढ्या सुरात सांगेल त्याच सुरात ते येते. त्यामुळे हसणे बाहेरून आलेल्या पाहुण्याचे राहत नाही. लीनाचा तोंडाळपणा वाचताना आपण तिला हसत नाही, तिच्या बाजूने हसतो. जिथे मृत्यू येतो तिथे तीच भाषा एकाएकी आखडते, वाक्ये तुटक होतात आणि लेखक एक शब्दही जास्त बोलत नाही. अधिकार असतो की नसतो, हे मी आधीच ठरवून सांगू शकत नाही. पण या लेखकाने तो पानोपानी कमावला आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. भोगलेल्याने लिहिलेल्या आत्मकथनाची जागा अशी कादंबरी घेऊ शकत नाही, आणि काउरासोन यांच्या लेखनात तसा दावाही कुठे दिसत नाही.

आइसलँडमध्ये ही गोष्ट पुढे रंगभूमीवर आली आणि १९९६ साली फ्रिद्रिक थोर फ्रिद्रिक्सोन यांनी तिच्यावर चित्रपट केला. त्याची पटकथा काउरासोन यांनीच लिहिली.

प्रश्न : आपण लेखकाचा उल्लेख कधी 'एयनार' तर कधी 'काउरासोन' असा करता. योग्य कोणता?
— एक वाचक, जोडभावी पेठ

आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसते. काउरासोन म्हणजे काउरी नावाच्या माणसाचा मुलगा. तिथे मोठ्यातील मोठ्या माणसालाही पहिल्या नावाने संबोधतात आणि दूरध्वनीच्या यादीतही नावे त्याच क्रमाने लावतात. आपल्या वाचकांना ओळख पटावी म्हणून मी दोन्ही वापरतो.

प्रश्न : 'स्टॉर्म बर्ड्स'मध्ये बर्फामुळे जहाज बुडण्याचा धोका निर्माण होतो, असे आपण लिहिले. आम्ही उन्हाळ्यात त्रेचाळीस अंशांत राहणारी माणसे. समुद्रही फारसा पाहिलेला नाही. हिमनगाला धडकल्याशिवाय बर्फ जहाज कसे बुडवतो? आणि ही घटना खरी आहे का?
— एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी, जुळे सोलापूर

कादंबरी २०१८ साली आली, पण तिचा पाया फेब्रुवारी १९५९ मधील एका सत्य घटनेत आहे. आइसलँडची मासेमारी जहाजे त्या महिन्यात कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळच्या खोल पाण्यात तांबड्या माशासाठी गेली होती. तिथे त्यांना वादळाने गाठले. हाप्नारफ्योर्दुर या बंदराचे 'युली' हे जहाज तीस खलाशांसह बुडाले. एकही माणूस परतला नाही. रेक्याविकचे 'थोर्केल माउनी' हे जहाज मात्र कसेबसे वाचले.

आता आपला मुख्य प्रश्न. समुद्राचे पाणी खारे असल्यामुळे शून्याच्या थोडे खालीही ते द्रव राहते. पण हवा त्याहून बरीच थंड असेल आणि वाऱ्याचा जोर असेल, तर लाटांचे तुषार जहाजाच्या कठड्यांवर, तारांवर, डोलकाठीवर आणि सुकाणूघरावर पडताक्षणी गोठतात. एका थरावर दुसरा थर चढतो आणि बोटाएवढी तार मांडीएवढी जाड होते. हे वजन नुसते जास्त असते म्हणून घातक नसते, ते जहाजाच्या वरच्या भागात साठते म्हणून घातक असते. गुरुत्वमध्य वर सरकतो, लाटेने कललेले जहाज सरळ व्हायला अधिकाधिक वेळ घेते, आणि एका क्षणी ते सरळ होतच नाही. यावर उपाय एकच : माणसांनी बाहेर जाऊन बर्फ फोडणे. हातोडे, पहारी, पाने, मिळेल ते घेऊन खलाशी फोडत राहतात, आणि एक बाजू मोकळी होईपर्यंत दुसरी पुन्हा गोठलेली असते. 'थोर्केल माउनी'वर वजन कमी करण्यासाठी जीवरक्षक होड्या टांगण्याचे लोखंडी खांबसुद्धा कापून समुद्रात टाकावे लागले, म्हणजे वाचण्यासाठी वाचण्याचेच साधन सोडून द्यावे लागले.

काउरासोन यांनी कल्पित जहाजाला 'माउवुर' असे नाव दिले असून त्यावर नवखा तरुण लाउरुस आहे. पुस्तक लहान आहे, प्रकरणांचा डामडौल नाही, आणि वाक्ये अशी एकापाठोपाठ येतात की वाचणाऱ्यालाही बसायला जागा मिळू नये. कुणाच्या मनात काय चालले आहे, याचे लांबलचक विवेचन कुठेच नाही. माणूस किती तास जागा आहे, हातमोजे भिजले आहेत की नाहीत, खायला काय उरले आहे, यावरच सारा भर आहे. श्रमाचे इतके नेमके वर्णन वाचताना मला आपल्याकडच्या गिरण्यांची आठवण झाली. सोलापुरात तीन पाळ्यांनी चालणाऱ्या गिरण्या पिढ्यान्‌पिढ्या होत्या, तरी साचाखात्यातील आठ तासांचे काम असे तासातासाने मांडणारी मराठी कादंबरी मला फार दिवसांपासून वाचायची आहे.

प्रश्न : हेच लेखक तेराव्या शतकावर चार कादंबऱ्या लिहितात. मग त्यांना वास्तववादी म्हणणे कितपत बरोबर?
— हिराचंद नेमचंद वाचनालयाचे एक सभासद

आपण म्हणता त्या चार कादंबऱ्या २००१ ते २०१४ या काळात प्रसिद्ध झाल्या. तेराव्या शतकात आइसलँडमधील काही घराण्यांनी सत्तेसाठी एकमेकांच्या जिवावर उठून देश असा पोखरला की १२६२ नंतर तो नॉर्वेच्या राजाच्या अमलाखाली गेला. त्या यादवीची समकालीन हकिगत 'स्तुर्लुंगा' या जुन्या गाथांच्या बृहद् ग्रंथात आहे, आणि या कादंबऱ्या तिच्यावर आधारलेल्या आहेत. त्यांपैकी 'ओप्सी' या कादंबरीला २००८ चा आइसलँडिक साहित्य पुरस्कार मिळाला. तिचा विषय २२ ऑक्टोबर १२५३ च्या रात्रीचे फ्लुगुमिरीचे अग्निकांड हा आहे. दोन वैरी घराण्यांत सलोखा व्हावा म्हणून लग्न लावले गेले आणि लग्नघरच शत्रूंनी पेटवले. पंचवीस माणसे मेली. यजमान गिस्सुर आंबलेल्या निवळीच्या पिंपात लपून वाचला; त्याची पत्नी आणि तिन्ही मुलगे गेले.

जुन्या ग्रंथात घटना आहेत, संवाद आहेत, पण मनातले बोलणे जवळजवळ नाही. काउरासोन यांनी एकेका व्यक्तीला एकेक प्रकरण दिले आणि तिला स्वतःच्या तोंडाने बोलू दिले. आग लावणाराही बोलतो आणि जिचे घर जळणार आहे तीही बोलते. त्यांच्या बोलण्यात वीरश्रीची भाषा अगदी थोडी. अपमान, जमिनीचे तंटे, आजारपण, धास्ती यांचीच अधिक. थुले कॅम्पमधल्या माणसांना त्यांनी जशी गाथेतल्या वीरांची उंची दिली, तसे गाथेतल्या वीरांना शेजारच्या घरातल्या माणसांसारखे बोलायला लावले. म्हणून काळ बदलला तरी मी त्यांना वास्तववादीच म्हणतो.

प्रश्न : सोलापूर शहराच्या निम्म्याहूनही कमी लोकसंख्येच्या देशात कादंबरीकाराचे पोट कसे भरते? आणि आम्ही वाचायला सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, होटगी रोड

आइसलँडची लोकसंख्या आज चार लाखांच्याही आत आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या सोलापूर शहराची साडेनऊ लाख होती, म्हणून आपले आश्चर्य रास्त आहे. तिथे सरकारी लेखकनिधीतून निवडक लेखकांना काही महिन्यांचे मानधन मिळते. नाताळात पुस्तक भेट देण्याची पक्की रीत असल्यामुळे वर्षातील बहुतेक नवी पुस्तके हिवाळ्याच्या तोंडावर येतात आणि घरोघरी पोचतात. लेखकांची संघटना भक्कम आहे. काउरासोन स्वतः १९८८ ते १९९२ या काळात तिचे अध्यक्ष होते. त्यांच्या जन्माच्या वर्षी, १९५५ साली, आइसलँडचेच कादंबरीकार हाल्डोर लाक्सनेस यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. एवढ्या लहान भाषेतले लेखन साऱ्या जगाने वाचावे, ही आकांक्षा काउरासोन यांच्या पिढीला तयारच मिळाली.

इंग्रजीत सुरुवात 'स्टॉर्म बर्ड्स'पासून करावी. क्वेंटिन बेट्स यांचा अनुवाद २०२० साली आला आहे आणि दोन बैठकींत वाचून होतो. त्यानंतर थुले कॅम्पवरील पहिल्या कादंबरीचा २००० साली आलेला अनुवाद, 'डेव्हिल्स आयलंड', घ्यावा. त्यात माणसे पुष्कळ आहेत आणि लेखक कुणाची ओळख करून द्यायला थांबत नाही. म्हणून लीना, तोम्मी, गोगो, बाद्दी आणि दान्नी ही नावे नात्यासह एका कागदावर लिहून तो पुस्तकातच ठेवावा, म्हणजे पहिली पन्नास पाने अडखळल्याशिवाय पार होतील.