गाडीचं विचारा: दीड लाख किमी झालेल्या गाडीत ऑईल कोणतं टाकायचं?

ऊन तापायला लागलं की ऑईलचे प्रश्न येतातच, या वेळी जरा जास्तच आलेत आणि बहुतेक सगळे जुन्या घरगुती गाड्यांचे, म्हणून बाकी प्रश्न बाजूला ठेवून हा अंक ऑईललाच दिला.

प्रश्न: दादा, माझी 2010 ची वॅगनआर आहे, पेट्रोल, एमएच 31 पासिंग, 1 लाख 62 हजार चालली. रिपासिंग करून घेतलं, म्हणजे अजून पाच वर्षं ती घरातच राहणार. आमचा मेकॅनिक म्हणतो की गाडी जुनी झाली, त्यात नागपूरचा उन्हाळा, 5डब्ल्यू-30 म्हणजे निव्वळ पाणी, तुम्ही 20डब्ल्यू-50 टाका. मुलगा पुण्याहून फोनवर सांगून राहिला की बाबा फुल सिंथेटिकच घ्या. पुस्तकात 5डब्ल्यू-30 लिहिलं आहे. ऑईल तसं विशेष कमी होत नाही. आता ऐकायचं कोणाचं? (एक वाचक, मनीषनगर)

उत्तर: पुस्तकाचं ऐका भाऊ, आणि मुलाचं अर्धं. मेकॅनिकचं का नाही ते जरा निवांत सांगतो, कारण हाच सल्ला सध्या गावभर चालू आहे.

नागपूरच्या उन्हाचं आधी बघू. बाहेर मे महिन्यातले 45 असोत की डिसेंबरच्या सकाळचे 10, इंजिन एकदा गरम झालं की थर्मोस्टॅट कूलंटला साधारण 85-90 डिग्रीच्या आसपासच धरून ठेवतो, आणि ऑईल 90 ते 110 च्या मध्ये फिरत राहतं. म्हणजे बाहेर 35 डिग्रीचा फरक पडला म्हणून आत ऑईल 35 डिग्रीने जास्त तापलं असं होत नाही, थोडंफार वर जातं, बस. वर्धा रोडला जाममध्ये एसी लावून उभं राहिल्यावर काटा चढत असेल तर दोष ऑईलचा नाही, रेडिएटरचा फॅन बघा, कूलंट बघा, आणि कूलंटच्या जागी कोणी बोअरचं पाणी भरलंय का ते तर आधी बघा, आपल्याकडे हे फार चालतं आणि आतून रेडिएटर क्षाराने भरून जातो.

आता आकडे. पहिला आकडा थंड इंजिनाचा, दुसरा गरम इंजिनाचा. 5डब्ल्यू वालं ऑईल उणे 30 डिग्रीला तपासतात आणि 20डब्ल्यू वालं उणे 15 ला, आपल्याला दोन्ही कधी दिसणार नाहीत, त्यामुळे पहिल्या आकड्यावरून नागपुरात कोणाचं इंजिन अडून बसणार नाही. तरीपण सकाळी गाडी चालू केल्याबरोबर वर कॅमशाफ्टपर्यंत ऑईल जितकं लवकर पोचेल तितकं बरं, झीज त्या पहिल्या काही सेकंदात जास्त होते, आणि तिथे 5डब्ल्यू पुढेच असतं. खरा फरक दुसऱ्या आकड्यात आहे. 100 डिग्रीला 30 नंबरचं ऑईल 9.3 ते 12.5 सेंटीस्टोक जाड असतं, 40 वालं 12.5 ते 16.3, आणि 50 वालं 16.3 पासून 21.9 पर्यंत. म्हणजे 30 वरून 50 वर उडी मारली की जाडी दीडपट-दुप्पट होते. तुमच्या इंजिनात बेअरिंगमधली जागा आणि ऑईलची भोकं बारीक आहेत, तिथे इतकं जाड ऑईल ढकलायला पंपाला जोर लागतो, मायलेज पडतं, आणि फायदा शून्य, कारण तुमचं ऑईल कमीच होऊन नाही राहिलं.

मेकॅनिकभाऊ खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. त्यांचा हात ॲम्बेसेडर, पद्मिनीवर बसला असेल तर त्या गाड्यांना 20डब्ल्यू-40, 20डब्ल्यू-50 बरोबरच होतं, ती इंजिनंच ढिली होती. तोच ठोकताळा आता सगळ्यांना लावतात एवढंच. आणि ड्रममधलं खुलं ऑईल बऱ्याच गॅरेजात एकाच ग्रेडचं असतं हेही एक कारण आहे, ते कोणी बोलून दाखवत नाही.

मग जाड ऑईल कधीच नाही का? आहे ना. हजार किमीला अर्धा लिटर वगैरे जायला लागलं तर एक पायरी वर जा, एकच, म्हणजे 5डब्ल्यू-40 किंवा 10डब्ल्यू-40. थेट 50 वर नाही. आणि गरम गाडी सिग्नलला उभी असताना ऑईलची लाल बत्ती लुकलुकत असेल तर ऑईल बदलून ती बत्ती घालवू नका, आधी लेव्हल बघा आणि ती बरोबर असेल तर गेज लावून प्रेशर मोजून घ्या. बेअरिंग झिजलेलं असेल तर जाड ऑईलने बत्ती विझते पण झीज चालूच राहते आणि मग एक दिवस समृद्धीवर ठोका ऐकू येतो. चालत्या गाडीत ती बत्ती पूर्ण लागली तर मात्र बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद, घर दोन किमीवर असलं तरी.

मुलाचं अर्धं का, तर फुल सिंथेटिक चांगलंच आहे, उष्णतेत जास्त टिकतं, पण तुमच्या साध्या बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनाला बरोबर ग्रेडचं सेमी सिंथेटिक वेळेवर बदललं तरी पुरतं. कॅनवर एपीआय एसएन किंवा एसपी (ऑईलच्या दर्जाची खूण) लिहिलेलं घ्या, एसएन 2010 मध्ये आलं आणि एसपी 2020 मध्ये, नवीन अक्षर जुन्या गाडीला चालतं, उलटं करू नका. जुन्या गाडीत सिंथेटिक टाकलं की लीक होते ही भीती फार जुन्या काळच्या ऑईलची आहे, आजचं सिंथेटिक सील खात नाही. एक मात्र खरं, वर्षानुवर्षं ऑईल न बदललेल्या इंजिनात सील कडक झालेली असतात आणि त्यांची फट काळ्या गाळाने बुजलेली असते, चांगलं ऑईल तो गाळ धुऊन काढतं आणि मग गळती दिसते. फट आधीचीच. त्याच कारणासाठी अशा गाडीत गॅरेजवाल्याने फ्लश (इंजिन आतून धुणारं केमिकल) मारू का विचारलं तर नाही म्हणा, गाळाचा लपका सुटून खाली पंपाच्या जाळीत अडकला तर ऑईलच वर चढणार नाही. त्यापेक्षा दोन-तीन वेळा ऑईल लवकर बदला, हळूहळू साफ होतं.

हाय मायलेज लिहिलेला कॅन मिळाला तर त्यात सील थोडे मऊ करणारे घटक असतात, हलक्या पाझराला उपयोग होतो, फाटलेल्या सीलला नाही. ऑईलबरोबर फिल्टर दर वेळी नवा, आणि खालच्या ड्रेन बोल्टचा वॉशरही, तो अगदी किरकोळ किमतीचा असतो पण जुनाच परत लावतात आणि मग पार्किंगमध्ये थेंब पडले की लोक म्हणतात पातळ ऑईलमुळे गळलं.

प्रश्न: सर, आमच्या गाडीला 14 वर्षं झाली. सकाळी चालू केली की मागून निळा धूर येतो, मग बंद होतो. ऑईल पण कमी होतं असं मिस्टर म्हणतात, किती ते माहीत नाही. जाड ऑईल टाकलं तं धूर थांबेल का? (एक वाचक, जरीपटका)

उत्तर: ताई, आधी किती कमी होतं ते कळू द्या, नाही तर सगळे अंदाजच. गाडी सपाट जागेवर लावा, उतारावर नको. इंजिन गरम असू द्या, बंद करून पाच मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑईल खाली उतरतं. ऑईल मोजायची काडी बाहेर काढून सुती फडक्याने पुसा (पहिल्यांदा निघते ती खूण खोटी असते, सगळीकडे फासलेलं असतं), परत पूर्ण आत दाबा, मग काढून आडवी धरून बघा. दोन खुणांच्या मधलं अंतर म्हणजे बहुतेक गाड्यांत एक लिटरच्या आतबाहेर. वरच्या खुणेपर्यंत भरा, त्याच्या वर अजिबात नको, जास्त झालं की फिरती क्रँक त्याला घुसळून फेस करते. त्या दिवशीचे किमी बॉनेटच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेवा, हजार किमी झाले की परत बघा.

धुराचं म्हणाल तर रात्रभर उभ्या गाडीने सकाळी भक्कन निळा धूर टाकून गप्प बसणं हे वॉल्व्ह सीलचं लक्षण आहे. रबर कडक झालं की रात्रभर ऑईल थेंब थेंब खाली उतरतं आणि सकाळी जळतं. चालताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर सारखा निळा धूर येत असता तर पिस्टनच्या रिंगवर संशय गेला असता आणि ते इंजिनकाम मोठं असतं. वॉल्व्ह सील त्यामानाने स्वस्तात होतात, बऱ्याच इंजिनांत हेडसुद्धा न उतरवता. जाड ऑईलने धूर थोडा कमी दिसेल, जाणार नाही.

पण सील उघडायच्या आधी पीसीव्ही वॉल्व्ह बघायला सांगा. इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत ओढून घेणारा छोटासा भाग आहे तो, काजळीने चोक झाला की आत दाब वाढतो आणि ऑईल मिळेल त्या वाटेने बाहेर पडतं. ऑईल पिऊन राहिलेल्या जुन्या गाडीत मी सगळ्यात आधी तोच बघायला सांगतो, आणि गॅरेजात तो सगळ्यात शेवटी बघतात. पांढरा दाट धूर येऊन कूलंट कमी होत असेल तर मात्र ते हेड गॅस्केटचं प्रकरण, गाडी चालवू नका.

प्रश्न: माझी गाडी वर्षाला दोन हजार किमी पण चालत नाही. महाल ते इतवारी, नाही तं रविवारी तेलंगखेडीच्या मंदिरात. दहा हजारला ऑईल बदला म्हणतात, म्हणजे मी पाच वर्षं बदलायचं नाही का? (एक ज्येष्ठ वाचक, महाल)

उत्तर: काका, पुस्तकात दहा हजार किमी किंवा एक वर्ष असं लिहिलेलं असतं, जे आधी येईल ते, आणि तुमचं वर्ष आधी येतं. उलट तुमचं चालवणं ऑईलला जास्त वाईट. दोन किमीत इंजिन पूर्ण तापत नाही, जळणातून आलेलं पाणी आणि थोडं पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं ते उडून जायला वेळच मिळत नाही. ऑईल भरायचं झाकण उघडून उलटं करून बघा, साईसारखा फिकट चिकट थर दिसला तर बहुतेक तेच आहे. कूलंट जागच्या जागी असेल तर घाबरू नका. वर्षातून एकदा बदला, आणि महिन्यातून एखादेवेळी सुनेला-नातवाला घेऊन रामटेकपर्यंत जाऊन या.

प्रश्न: भाऊ, घरी ट्रॅक्टरसाठी 15डब्ल्यू-40 चा मोठा कॅन पडलेला असतो. माझ्या 1.3 लिटर डिझेल गाडीत (1 लाख 90 हजार किमी) तेच टाकलं तं काय बिघडते? डिझेल ते डिझेलच ना! (एक संत्रा बागायतदार, काटोल)

उत्तर: बिघडते भाऊ, आज नाही बिघडणार म्हणून कळत नाही. त्या इंजिनाची टायमिंग चेन ताणून धरणारा भाग ऑईलच्या प्रेशरवर चालतो आणि टर्बोचं बेअरिंगही त्याच ऑईलवर तरंगतं, दोघांनाही ऑईल सकाळी लवकर लागतं. पुस्तकातली ग्रेड आणि त्याखालचं स्पेसिफिकेशन दोन्ही जुळवून कारचंच ऑईल घ्या, आणि गाडीला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राखेचं, कॅनवर सी3 लिहिलेल्यासारखं, पुस्तकात असेल तेच. चालू केल्यावर दोन सेकंद चेन खडखडत असेल तर ऑईलचं नंतर, आधी चेन दाखवा. ऑईल दोनच दिवसात काळं होतं म्हणून काळजी करता ना तुम्ही लोक, डिझेलमध्ये ते होणारच, काजळी धरून ठेवणं त्याचं कामच आहे.

प्रश्न: डुप्लिकेट ऑईल कसं ओळखायचं? आणि काढलेलं जुनं ऑईल गॅरेजवाल्याने नालीत ओतलं तर त्याला काय म्हणायचं? (एक वाचक, हिंगणा रोड)

उत्तर: नुसत्या रंगावरून, वासावरून नाही ओळखता येत, कोणी येतं म्हणालं तरी. सीलबंद कॅन स्वतः घ्या, झाकणाची रिंग आणि आतली फॉईल बघा, बॅच नंबर आणि तारीख खोडलेली नको, क्यूआर असेल तर स्कॅन करा, बिल घ्या. आणि समोर उभं राहून भरून घ्या. रिकामा कॅन तिथेच सोडून येऊ नका, झाकणासकट चांगला कॅन कबाडीत गेला की त्यातच डुप्लिकेट माल भरला जातो, त्यामुळे निघायच्या आधी कटर मागून त्याचं पोट फाडून टाका, गॅरेजवाला हसेल तर हसू द्या.

नालीत ओतणाऱ्याला सरळ सांगा की हे कायद्याने घातक कचऱ्यात येतं, आणि नालीतलं पुढे नाग नदीतच जातं. जुनं ऑईल विकत घेणारे परवानाधारक रिसायकलवाले असतात, त्याला त्याचे पैसेच मिळतात. ऐकत नसेल तर त्याच रिकाम्या कॅनमध्ये जुनं ऑईल भरून घरी आणा आणि ते गोळा करून रिसायकलला देणाऱ्या दुसऱ्या गॅरेजात नेऊन द्या, मग कॅन फाडायचं काम तिथे करा.