ज्याने समुद्र कधीच पाहिला नाही, त्याला किनाऱ्यावर उभं राहिल्यावर नेमकं काय जाणवतं?

माझं गाव गंगाखेड तालुक्यात, जिल्हा परभणी. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी 27 वर्षांचा होतो अन् आई सोबत होती. तोवर आमच्यासाठी मोठं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर. त्यामुळे नुसत्या विस्ताराचं फार नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते आवाजाचं.

गणपतीपुळ्याला पोचलो तेव्हा उजाडायचं होतं. समुद्र दिसायच्या आधी ऐकू आला. लाट फुटल्याचा आवाज तुम्ही टीव्हीवर ऐकलाच असेल. पण पाणी मागं सरतं तेव्हा फेसाचे बुडबुडे फुटत जातात अन् सर्रर्र असा बारीक आवाज येतो, तो टीव्हीत येत नाही. सुपात ज्वारी घोळताना येतो, अगदी तसा. डोळे मिटले तर अंगणात चार बाया सुपं घेऊन बसल्यात असं वाटावं.

वास थोडा उग्र असतो. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे डायमिथाइल सल्फाइड नावाचा वायू सुटतो, त्याचा. उपसा बंद पडलेल्या विहिरीतलं शेवाळ आठवा, त्याच्या जवळ जाणारा.

अन् हवा! आपल्याकडं उन्हाळ्यात घाम आला की लगेच वाळतो, सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे डाग तेवढे राहतात. तिथं हवाच इतकी दमट की घाम वाळत नाही. ओठांवर जीभ फिरवली की खारट लागतं.

आईनं चपला काढल्या, वाकून पाणी डोक्याला लावलं, मगच आत पाय टाकला. लाट परतली तशी टाचेखालची वाळू निसटली अन् तिनं माझा हात घट्ट धरला. "आरं, जमीनच चाललीय की पायाखालून!" परतणारं पाणी टाचेभोवतीची वाळू उकरून नेतं, त्यात आपली नजर सरकत्या पाण्यावर असली की तोल जातो. तिथं पाण्याची ओढ फसवी आहे, घोटाभर पाण्याच्या पुढं जाऊ नका.

गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. उन्हाळ्यात ती आटली की पात्रातल्या वाळूत झिरा करून पाणी भरायचं, हे आईनं कितीतरी वर्षं केलंय. दुपारी ओहोटी लागली तेव्हा ती ओल्या वाळूत बसली अन् सवयीनं हातानं खड्डा करायला लागली. पाणी झिरपून आलं. गढूळ खाली बसू दिलं, वरचं ओंजळीत घेतलं, ओठाला लावलं अन् टाकून दिलं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. ते पिऊन तहान भागत नाही, उलट शरीरातलं पाणी जास्त जातं. हे सगळं तिला सांगायची गरज नव्हती.

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "आपली गंगा इथंच येती का रं?"

येत नाही. ती उगम पावते त्र्यंबकेश्वरला, अरबी समुद्रापासून जेमतेम 80 किलोमीटरवर. पण या समुद्राकडं पाठ करून पूर्वेला निघते, नाशिक, पैठण, गंगाखेड, नांदेड करत 1,465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. तिला एवढंच सांगितलं की आपली गंगा दुसऱ्या समुद्राला जाते.

तिनं हातानं वाळू लोटून झिरा बुजवला. "मग तिकडं कवा न्यायलास?"