साडेचार वर्षांच्या मुलीला नाटकाला न्यावं का? आणि मध्येच बोलायला लागली तर काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे : मुलीला घेऊन तुम्ही सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात एका कौटुंबिक नाटकाला गेलात. पहिल्या अंकात ती दोन-चारदा मोठ्यानं बोलली. पुढच्या रांगेतले एक काका वळून म्हणाले, "पोरं घरी ठेवून यायला काय होतं?" आता घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो, दहा वर्षांची होईपर्यंत नाटक बंद. सासूबाई म्हणतात, नेलंच नाही तर सवय कशी लागायची?

मी सोलापुरातल्या एका हौशी संस्थेत बॅकस्टेज करतो. स्पर्धेच्या दिवसांत किंवा ओळखीच्यांचा प्रयोग असला की दाराचं काम बरेचदा माझ्याकडे येतं. तिकीट फाडायचं, उशिरा येणाऱ्यांना बॅटरी दाखवत जागेवर बसवायचं, वगैरे. दारावरून रंगमंच अर्धाच दिसतो, पण प्रेक्षक पूर्ण दिसतात. तिथून बघून झालेलं मत सांगतो. सासूबाई बरोबर आहेत, पण नाटक चुकीचं निवडलं गेलं.

मोठ्यांच्या नाटकात लहान मूल नेमकं कधी बोलतं ते बघा. मारामारी, भांडण, गाणं चालू असताना ते गप्प असतं. दोन पात्रं समोरासमोर उभी आहेत, एक काहीतरी जिव्हारी लागेल असं बोललंय, दुसरं उत्तर न देता नुसतं बघतंय, तेव्हाच आवाज येतो, "आई, ती का बोलत नाही?" मुलाचं काही चुकत नाही. घरात सगळे थांबले की आपली पाळी, एवढंच त्याला ठाऊक असतं. पण नटानं तो थांबा तालमीत घासून घासून बसवलेला असतो, आणि एकदा हशा झाला की तो प्रसंग परत उभा करता येत नाही. त्यात आपल्याकडे बऱ्याच नाटकांत नटांच्या अंगावर माइक नसतात. ते रंगमंचाच्या कडेला ठेवलेले किंवा वरून सोडलेले असतात. पहिल्या दोन रांगांतलं रडणं त्यांत शिरलं की बाल्कनीपर्यंत पोचतं. काका तिरसटासारखं बोलले हे खरं, पण तिकीट त्यांनीही काढलं होतं. त्यांना उलटून काही बोलला नाहीत ते बरं केलंत.

बालनाट्याची गोष्ट वेगळी. तिथं मुलांचा आवाज धरूनच नाटक बसवलेलं असतं. सुधा करमरकरांनी 1959 साली मुंबईत 'लिट्ल थिएटर' सुरू केलं. मुलांसाठीचं नाटक मोठ्या, कसलेल्या नटांनी आणि पुऱ्या थाटामाटात करावं असा त्यांचा आग्रह होता. मराठी बालरंगभूमी उभी राहिली ती तिथून. आजही चांगला बालनाट्यवाला नट वाक्य टाकून थांबतो आणि पोरांकडे बघतो. चेटकीण मागून दबकत येते आणि नायक मुद्दामच भलतीकडे बघतो. आपल्या सोलापुरात अशा वेळी हॉलमधून काय येतं? "मागं हाय ती, पळ की बे!" एक पोरगं ओरडलं की शंभर ओरडतात. अशा प्रयोगात स्वतःच्या मुलाच्या तोंडावर हात ठेवून बसलेले आईबाप मी बघतो तेव्हा जाऊन सांगावंसं वाटतं, अहो ओरडू द्या, वरचा तो माणूस त्याचीच वाट बघतोय.

तेव्हा तुमच्या मुलीच्या वयाला बालनाट्य, तेही तास-दीड तासाचं. मोठ्यांचं दोन अंकी नाटक मध्यंतर धरून अडीच तासांच्या घरात जातं. ते साधारण आठ-नऊनंतर, आणि तेही विनोदी किंवा गाण्याचं आधी. हा माझा अंदाज, नियम नव्हे. सहा वर्षांची एखादी मुलगी संगीत नाटक गालावर हात ठेवून शेवटपर्यंत बघते आणि बारा वर्षांचा तिचा दादा पहिल्या अंकातच "कधी संपणार?" विचारतो, असंही दारावरून दिसतंच. जाहिरातीत लहान मुलांबद्दल सूचना असेल तर मात्र ती पाळा. 'आमची शांत असते' हे प्रत्येकच आई सांगते.

आता नेण्याआधीच्या गोष्टी. सगळ्यांत मोठी भीती अंधाराची. तिसरी घंटा होते, दिवे जातात, आणि काही क्षण हात डोळ्यासमोर धरला तरी दिसत नाही. सिनेमात पडद्याचा तरी उजेड असतो. पोरं रडायला लागतात ती बहुतेक इथंच, नाटक सुरू होण्याच्या आधी. घरी एकदा सांगून ठेवा : तीन घंटा होणार, अंधार होणार, मग पडदा उघडणार. घंटा मोजायचं काम तिच्याकडे द्या. ज्या मुलाला अंधार येणार हे माहीत असतं, ते अंधाराची वाट बघतं.

दुसरं, खुर्ची. घडीच्या खुर्चीत हलकं मूल मागं सरकून बसलं की बूड आत जातं, गुडघे वर येतात आणि खुर्ची त्याच्यासकट मिटायला बघते. मूल खुर्चीच्या कडेवर येतं, नाहीतर उभं राहतं, किंवा त्यातलीच गंमत शोधतं : उठ, खाड्, बस, उठ, खाड्. एक जाडसर चादर घडी करून सोबत न्या (सोलापूरकरांना चादर कुठून आणू हे विचारायची वेळ येऊ नये). तिच्यावर बसवलं की वजनही पडतं आणि पुढचं डोकंही आडवं येत नाही.

पीं-पीं वाजणारे आणि दिवे लागणारे बूट घरी ठेवा. छुमछुम पैंजणही. कुरकुऱ्यांचं पाकीट मध्यंतराला. आणि स्टीलची पाण्याची बाटली पायाशी ठेवू नका. प्रेक्षागृहाची जमीन उतरती असते. एकदा ती आडवी झाली की प्रत्येक खुर्चीच्या पायाला टण् टण् करत पार रंगमंचापर्यंत जाते, आणि सगळा हॉल नाटक सोडून तिचा प्रवास ऐकतो.

जागा कडेची घ्या, दाराजवळची, मधल्या वाटेला लागून. ऑनलाइन काढा की खिडकीवर, प्लॅन समोर असतोच. "मधोमध छान दिसतं" म्हणून रांगेच्या पोटात बसलात तर मुलगी रडायला लागल्यावर तुम्ही उठणार नाही, कारण दहा जणांचे गुडघे ओलांडायचे असतात. मग सुरू होतं ते समजावणं. खरं सांगू? मुलांपेक्षा आईबापांच्या "शूऽऽ", "गप बस", "घरी गेल्यावर बघते तुला" याचाच आवाज जास्त येतो. शेजारी आजी असली तर ती नातीला कन्नडमध्ये किंवा तेलुगूत कथानक समजावून सांगत असते, तेही प्रेमानं आणि खणखणीत. आपल्या गावात नाटकाचं एवढं भाषांतर फुकट होत असतं.

रडू आलं तर एका वाक्याच्या आत बाहेर. समजूत बाहेर काढायची. व्हरांड्यात पाणी पाजा, दोन मिनिटं फिरवा, आणि परत येताना दारावरच्या माणसाला विचारा. प्रसंग बदलताना दिवे मंद होतात, तेव्हा तो आत सोडेल. काही नाट्यगृहांत यासाठी काचेआडची वेगळी खोली असते. नसेल तिथं व्हरांडाच. उठून जाण्यात कमीपणा काही नाही. उलट नट मंडळींना अशी आई लक्षात राहते, आणि चांगल्या अर्थानं.

परदेशात, विशेषतः इंग्लंडमध्ये, काही प्रयोग मुद्दाम सैल ठेवतात. प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण घालवत नाहीत, दचकवणारे आवाज कमी करतात, मुलांना ये-जा करू देतात. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना धास्ती न बाळगता नाटक बघता यावं हा त्यातला मुख्य विचार. आपल्याकडे बालनाट्याचा महिन्यातला एक प्रयोग असा ठेवायला फारसा खर्च येणार नाही. निर्मात्यांनी मनावर घेतलं पाहिजे.

नवऱ्याला एवढंच विचारा की मोठ्यांचं काय? 2019 मध्ये नाशिकला अभिनेते सुमीत राघवन यांनी चालू प्रयोग थांबवला होता. कारण लहान मूल नव्हतं, वाजणारे मोबाइल होते. मुलगी बोलली तर तिला कळत नाही म्हणून बोलली. फोनवर "हां, नाटकात आहे, बोल ना" म्हणणाऱ्याला सगळं कळत असतं. तुम्ही तिच्यासमोर फोन बंद करून पर्समध्ये टाकलात की तिला वेगळं काही शिकवावं लागत नाही. व्हायब्रेटवर नको, बंद. अंधारात पेटलेला पडदा रंगमंचावरूनही दिसतो.

सुरुवात कुठून करायची? सुट्टीत बाहेरची बालनाट्यं येतात, पण तिकीट महाग आणि गर्दी फार. माझा सल्ला, राज्य शासनाच्या बालनाट्य स्पर्धेचं सोलापूर केंद्र लागलं की तिथं न्या. तिकीट नाममात्र, नाटकं छोटी, एकामागून एक, आणि रंगमंचावर तिच्यापेक्षा थोडीच मोठी पोरं. एखादं वाक्य विसरतं, एखाद्याची मिशी निघते, विंगेतून बाईंचा हात येऊन कुणाला तरी पुढं ढकलतो. तिला एक बघून कंटाळा आला तर पडदा पडल्यावर निघा, दुसरं बघायचं म्हणाली तर बसा. एवढंच बघा की तिसऱ्या घंटेच्या आधी तिला शू करून आणलेलं असेल. हॉलमध्ये मुलं चुळबुळतात त्यातली निम्मी त्यासाठीच.