आठ फुटांच्या फळीवर खरं वाटेल असं शंटिंग करायचं तर सायडिंग किती टाकू?

तुमचं म्हणणं असं: सांगलीत फ्लॅट, भिंतीलगत ८ फूट × दीड फूट फळी, त्यावर एचओ स्केलची (१:८७) मॉडेल रेल्वे. सायडिंग (वाघिणी उभ्या करायचे बाजूचे फाटे) मोजणं सोडा, आधी शंटिंग नेक मोजा, म्हणजे वाघिणींची अदलाबदल करताना इंजिन त्यांना घेऊन पुढे-मागे करतं तो मोकळा रूळ.

विश्रामबागेत एका घरी एवढ्याच फळीवर सहा सायडिंग आहेत. प्लॅन कागदावर देखणा, नेक मात्र ४५ सेंमी. एचओत डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन साधारण २० सेंमी आणि आठचाकी बंद वाघीण १७. म्हणजे इंजिनासोबत एकच वाघीण मावते. तीन हलवायच्या तर तीन खेपा. मालक याला ‘आव्हान’ म्हणतात. कसलं आव्हान, माप चुकलंय! लूपचीही (इंजिन वाघिणींना वळसा घालून पलीकडे जातं तो जोडरूळ) तीच गत. टोकापासून टोकापर्यंत ९० सेंमी धरला, पण पेको कंपनीच्या मध्यम पॉइंटवर (रूळ फुटतो तो सांधा) फाउलिंग मार्क, म्हणजे ज्याच्या अलीकडे वाघीण उभी केली तर शेजारच्या रुळावरची गाडी घासेल ती खूण, टोकापासून सुमारे ३० सेंमी आत येतो. दोन्हीकडचे वजा केले की उरते एका वाघिणीची जागा.

तुम्ही तीन वाघिणींचा हिशेब धरा: नेक ७५ सेंमी, लूप १२०, पलीकडे इंजिनापुरती शेपटी २५. झाले २२०, आणि फळी २४४. दुसऱ्या लूपचा हट्ट नको. सायडिंग दोन ट्रेलिंग (पुढे जाऊन मागे ढकलत शिरायचं), एक फेसिंग (सरळ पुढे जातानाच फाटा फुटतो). फेसिंगमध्ये वाघीण ढकलायला इंजिन चुकीच्या टोकाला असतं, लूपमधून फिरवून मागे आणावं लागतं. ही एकटी बाकीच्या दोघींपेक्षा जास्त काम देते.

मालधक्क्यावर जागा ठरवून द्या: आत सिमेंट, बाहेर खत. सिमेंटची रिकामी वाघीण ओढायची तर खताची अर्धवट उतरलेली आधी काढायची आणि नंतर पुन्हा तिथेच लावायची. कारखान्याच्या सायडिंगलाही तसंच, साखर आणि मळी वेगळ्या जागी.

एक डावीकडे आणि लगेच पुढचा उजवीकडे वळणारा असे दोन पॉइंट एकामागे एक जोडू नका. एस वळणावर ढकलताना वाघीण उतरते. मध्ये निदान एका वाघिणीएवढा सरळ रूळ हवा. हलकी वाघीणही उतरते, १७ सेंमीच्या वाघिणीचं वजन १२० ग्रॅमच्या आसपास ठेवा. प्लॅस्टिकच्या फ्रॉगवर (पॉइंटमध्ये रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) छोटं इंजिन हळू चालवताना अडकतं, म्हणून फ्रॉग धातूचा घ्या आणि त्याची पोलॅरिटी (विजेची +/− बाजू) स्विचने बदला. कपलिंग सोडवायचं चुंबक वळणावर नको.

रूळ ठोकण्याआधी पेकोच्या पॉइंटची टेम्प्लेट खऱ्या मापात छापून फळीवर मांडा आणि पुठ्ठ्याच्या वाघिणी सरकवून बघा. एका संध्याकाळचं काम आहे.

हो, एक राहिलंच: असं सुट्या वाघिणींचं शंटिंग जुन्या काळातलं. आता मालगाडी अख्खा रेक म्हणूनच येते-जाते, तेव्हा काळ मागचा निवडा. एचओचं १६.५ मिमी गेज (दोन रुळांमधलं अंतर) आपल्या ब्रॉडगेजला अरुंद पडतं, तो वाद मी इथे काढत नाही.

विश्रामबागेतल्या फळीवरही दोन सायडिंग उखडून नेक वाढवता येईल. मालकांना ते मान्य नाही.